मुक्कामाची गाडी गेल्यावर

आमच्या गावाची मुक्कामाची एसटी सातारा स्टँडवरून संध्याकाळी सातच्या सुमाराला सुटायची. त्यानंतर गावाकडे काहीच नाही. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी परत साताऱ्याला निघायची. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आम्ही गटाने जो माहितीपट केला, त्याबद्दल कुणी विचारलं की मला आधी या गाडीबद्दल सांगावं लागतं. कारण त्या फिल्मचे बहुतेक मोठे निर्णय ती स्टँडवरून हलल्यानंतर झाले.

गटात आठ जण होतो. तीन मुलगे गोडोली आणि करंज्याच्या बाजूला खोल्या घेऊन राहणारे, त्यातला एक सांगलीचा. चौथा ‘कमवा आणि शिका’ योजनेतला. कर्मवीरांनी साताऱ्यात घालून दिलेली ही वाट आजही शेकडो मुलांना शिकवते, पण त्या वाटेवरच्या मुलाला कामाचे तास असतात आणि ते मीटिंगसाठी हलवता येत नाहीत. दोघी मुली होस्टेलवर, त्यांना रात्रीच्या हजेरीच्या आत परत जाणं भाग. त्यांच्यातलीही एक सांगलीची. उरलेल्या आम्ही दोघी रोज ये-जा करणाऱ्या, मी कोरेगाव तालुक्यातून आणि दुसरी मेढ्याकडून. वर्गात आम्ही आठ होतो. रात्री नऊला, जेव्हा खोलीवर चहा ठेवून खरी चर्चा सुरू व्हायची, तेव्हा तीनच उरायचे.

यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. दिवसभर तास, प्रॅक्टिकल, कॅन्टीनची गर्दी. फिल्मवर मन लावून बोलायला रात्रच मिळते, आणि तरुण मुलं रात्रीच बोलतात. पण सकाळी मी वर्गात आले की “आम्ही ठरवलं” असं ऐकायला मिळायचं. त्या ‘आम्ही’त मी नसायचे. ग्रुपवर शंभर-सव्वाशे मेसेज पडलेले असायचे, गावात रेंज आली की ते एकदम धडाधड उतरायचे, आणि वाचून उत्तर द्यावं तोवर विषय पुढे गेलेला.

विषय निवडतानाच हे जाणवलं. साताऱ्याच्या मुलांना कास पठार करायचं होतं. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा त्यात कासही आलं, तेव्हापासून तिथं कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना तोटा नाही. पण तिथली फुलं ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि आमचं शूटिंग जानेवारी-फेब्रुवारीत. मग वाई-मेणवली पुढे आली. ‘स्वदेस’, ‘गंगाजल’, ‘दबंग’ असे कितीतरी हिंदी सिनेमे त्या परिसरात झाले, घाट आणि वाडा पडद्यावर सुंदर दिसतो हे सगळ्यांना माहीत होतं. माझं म्हणणं होतं की जे आधीच इतकं चांगलं दिसलंय त्यात आपण काय भर घालणार?

सांगलीच्या मैत्रिणीने हरिपूर सुचवलं. सांगलीला लागून असलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथलेच. आणि इथं जमिनीच्या पोटात हळदीची पेवं आहेत. सांगलीची हळदीची पेठ देशभर माहीत आहे, 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती हळद पूर्वी वर्षानुवर्षं साठवली जायची ती या पेवांमध्ये, हे साताऱ्याच्या आम्हा बहुतेकांना ठाऊक नव्हतं. वीसेक फूट खोल, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रुंद. खाली आणि कडेनं पाला-गवत, चटया घालून हळद भरायची, तोंड बंद करून मातीने लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. हरिपूरची माती इतकी चिकट आणि घट्ट की पाणी झिरपत नाही, भिंत ढासळत नाही. 2005 च्या महापुरात मात्र नदीच पेवांवरून वाहिली. हळद गेली आणि बरीचशी पेवंही बाद झाली. त्यानंतर माल गोदामांकडे आणि कोल्ड स्टोरेजकडे वळत गेला.

मैत्रिणीचे आजोबा या धंद्यातल्या लोकांना ओळखत होते, म्हणून आम्हाला तिथं पाय ठेवता आला. मला वाटतं, विद्यार्थ्यांच्या फिल्मचं खरं भांडवल हेच असतं. ओळखीचं घर, तिथली चटणी-भाकरी आणि “आपलीच पोरं हायती” म्हणणारं कुणीतरी.

कामाची वाटणी वर्गातच झाली. दिग्दर्शन सगळ्यांना हवं होतं. ते साहजिक आहे. नागराज मंजुळे यांनी नगरच्या कॉलेजात शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गावाकडून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या प्रोजेक्टमध्ये ती शक्यता दिसते. ती दिसावीच. कॅमेराही सगळ्यांना हवा होता. ध्वनी कुणालाच नको होता, तो माझ्याकडे आला, आणि शॉटच्या नोंदी ठेवायचं कामही त्याबरोबर आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कोल्हापुरात 1929 साली ‘प्रभात’ काढणाऱ्या पाच भागीदारांपैकी विष्णुपंत दामले हे ध्वनीचे जाणकार होते, आणि त्यांनीच पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. ध्वनी सांभाळणारा माणूस प्रत्येक शब्द ऐकतो. फ्रेम बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर, उजेडावर, मागून जाणाऱ्या म्हशीवर असतं. हेडफोन लावलेल्याचं लक्ष फक्त माणूस काय म्हणतोय यावर.

साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुलींना एसटीचं अर्धं तिकीट 2023 पासून सुरू झालंय, ते आमच्या फार उपयोगी पडलं. कारण विद्यार्थ्यांचा पास घर ते कॉलेज एवढाच चालतो, कराड-सांगलीला नाही. जड सामान असलं की रेल्वे. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या बाजूला. तिथपर्यंत ट्रायपॉड आणि थर्माकोलचे शीट घेऊन रिक्षा करायची, मग कोरेगाव, रहिमतपूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत सांगली. थर्माकोल दुमडत नाही. दारातून आत घेताना डब्यातल्या निम्म्या प्रवाशांना उठावं लागायचं. पण तो उजेड परावर्तित करायला सगळ्यात स्वस्त, म्हणून सोडवतही नव्हता.

पहिल्या खेपांना आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचो. मला आणि मेढ्याच्या मैत्रिणीला दुपारीच निघावं लागायचं, नाहीतर आपापल्या शेवटच्या गाड्या चुकायच्या. त्यामुळे आमच्या वाट्याला नेहमी रणरणत्या उन्हातलं काम. संध्याकाळचा तिरपा सोनेरी उजेड, ज्यात सगळे चांगले शॉट झाले, तो आम्ही गाडीच्या खिडकीतून पाहिला. हे नुसत्या उजेडापुरतं असतं तर मी इथं लिहिलंही नसतं. पण हरिपुरात बायकांना सवड मिळते ती संध्याकाळीच. दिवसा त्या कामावर. पाचनंतर अंगणात टेकलेल्या बायकांसमोर आमच्यातले मुलगे कॅमेरा घेऊन जायचे आणि बायका पदर सावरून “आमचं काय, ह्यांनाच इचारा” म्हणत आत बोट दाखवायच्या. आमच्या हाती पेवांबद्दल बोलणारे पुरुष भरपूर आले. बाई एकही नाही.

मुक्काम करायचा तर घरातून परवानगी. ही गोष्ट कुठल्याही फिल्म मेकिंगच्या पुस्तकात नसते, आणि आमच्यासाठी ती कॅमेऱ्यापेक्षा मोठी होती. माझ्या वडिलांनी नाही म्हटलं नाही. ते फक्त गप्प बसले, आमच्या घरात त्याचा अर्थ नाही असाच होतो. शेवटी सांगलीच्या मैत्रिणीच्या आईने स्वतः फोन केला. “भाऊ, तुमची लेक माझ्या लेकीजवळ झोपंल. सकाळी मी गाडीत बसवून देते.” दोन आया बोलल्या, गावं कुठली, नातेवाईक कुठले, कुणाची सोयरीक कुठं, हे सगळं झालं, आणि मग वडील म्हणाले, “जा.” कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र आम्ही आधीच दाखवलं होतं. त्याने काही हललं नव्हतं.

पेवात शूटिंग करायचं हे सोपं काम नाही. बंद पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरत नाही. आत प्राणवायू नसतो. तोंड मोकळं करून वारा जाऊ द्यायचा, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणूस. विझला तर थांबायचं. पेव उतरण्यात आयुष्य गेलेल्या एका आजोबांनी हे आम्हाला पुनःपुन्हा बजावलं. आमच्यातल्या कुणालाही आत सोडायला ते तयार नव्हते, आणि आम्हीही हट्ट केला नाही. कॅमेरा काठीला बांधून उतरवला. उजेडाचा प्रश्न त्यांच्या नातवानं सोडवला. घरातला मोठा आरसा आणून उन्हात धरला आणि कवडसा थेट पेवाच्या तोंडातून आत पाडला. आमच्याकडच्या भाड्याच्या एलईडीपेक्षा तो उजेड चांगला होता, कारण भिंतीच्या मातीचा पोत त्यात दिसत होता. एकच अडचण होती. सूर्य सरकेल तसा आरसा सरकवावा लागे, त्यामुळे बोलणं आणि उजेड यांची वेळ जुळवताना मुलाचे हात भरून यायचे.

आवाजाची गंमत वेगळीच. वरून बोललं की आत घुमतं आणि आतून आलेला आवाज मात्र जवळचा वाटतो, दबलेला, कोरडा. मी रेकॉर्डर दोरीने खाली सोडून वरचं बोलणं पकडलं, मग वर ठेवून आतलं. त्या दोन आवाजांतला फरक हीच आपल्या फिल्मची सुरुवात, असं मला तिथंच वाटलं होतं.

मुक्कामाला राहिल्यावर त्या संध्याकाळी आम्ही मुली अंगणात गेलो, कॅमेरा एका मैत्रिणीने धरला. एक मावशी बोलायला लागल्या. आधी इकडचं तिकडचं. मग हळदीचं. पेवात उतरणारा गडी सगळ्यांना दिसतो, त्यांचं म्हणणं, पण वर पाट्या ओढणाऱ्या, पसरणाऱ्या, निवडणाऱ्या बायकाच होत्या. अंगाला, केसांना, लेकराच्या तोंडाला हळदीचा वास. पुरात भिजलेली हळद ज्यांनी ऊन मिळेल तिथं वाळत घातली आणि तरी काळी पडली म्हणून टाकली, त्याही बायकाच. मावशी बोलत असतानाच कॅमेरा थांबला. आमचा डीएसएलआर जुना, सुमारे बारा मिनिटांत फाईल 4 जीबीला पोचली की आपोआप बंद व्हायचा, आणि परत चालू केल्याशिवाय काही घेत नसे. ज्या मैत्रिणीकडे कॅमेरा होता ती ऐकण्यात गुंगली होती. माझा रेकॉर्डर चालू होता. मावशींचं सगळ्यात मोलाचं बोलणं त्या पुढच्या काही मिनिटांतलं. चित्र नाही, फक्त आवाज.

संकलन गोडोलीच्या खोलीवर, कारण कॉम्प्युटर तिथं. मुलं रात्र-रात्र जागली, डोळे लाल करून कॉलेजला यायची. त्यांची मेहनत मी कधीच नाकारणार नाही. पण पहिला कट बघितला तेव्हा दोन गोष्टींनी माझ्या पोटात कालवलं. मावशींचं ते बोलणं नव्हतंच, चित्र नाही म्हणून बाद. आणि दिव्याचा क्रम उलटा. आधी आजोबा पेवात उतरतात, मग दोरीला बांधलेला दिवा झोकांड्या खात खाली जातो. दिव्याचा शॉट सुरेख होता, आरशाच्या कवडशातला, त्यामुळे तो शेवटी ठेवला की प्रसंग उंचावतो असं रात्री ठरलं होतं.

मी माझी वही काढली. शॉटचा क्रम, वेळ, सगळं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, हा क्रम बदलला तर बघणारा काय शिकेल? आजोबा जे सत्तर वर्षं पाळत आले, ज्याच्यावर माणसाचा जीव टिकतो, तेच आपण उलटं दाखवायचं? दिग्दर्शन करणारा मित्र म्हणाला, ही फिल्म आहे, पेव कसं उतरावं याचं मार्गदर्शन नाही. बोलणं वाढत गेलं. त्या दिवशी मेढ्याच्या मैत्रिणीनं, जी सहसा फारसं बोलत नसे, एकच विचारलं: “तुम्ही हे रात्री ठरवता. आम्ही आठ जण परीक्षेला एकच मार्क घेणार. मग आठ जणांना ठरवता येईल अशी वेळ कुठली?”

खोलीत कुणाला उत्तर सुचेना. अशी वेळच नव्हती. ‘कमवा आणि शिका’वाला मुलगा म्हणाला, मला तर दिवसाही जमत नाही. तेव्हा कुठं आम्हाला दिसलं की भांडण दिव्याचं नाही.

यातून वाट निघाली ती कागदाची. मी आणि मेढ्याच्या मैत्रिणीनं सगळ्या मुलाखती ऐकून शब्दशः वहीत उतरवल्या. एकेक वाक्य, त्यापुढे क्लिपचा नंबर आणि वेळ. मग झेरॉक्स काढून कात्रीने पट्ट्या केल्या. पट्ट्यांचा एकेक संच आठही जणांना दिला आणि प्रत्येकाने आपला क्रम लावायचा. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, रात्र लागत नाही. मी एसटीत बसून लावला, मांडीवर वही, पट्ट्या रबराने बांधलेल्या. होस्टेलवरच्या दोघींनी हजेरीनंतर पलंगावर पसरून लावला. ‘कमवा आणि शिका’वाल्यानं कामाच्या मधल्या सुट्टीत, आणि त्याचा क्रम सगळ्यांत नेटका निघाला. व्यावसायिक माहितीपटवाले असं कागदावरचं संकलन पूर्वीपासून करतात, हे नंतर सरांनी सांगितलं. आम्ही तिथं गरजेपोटी पोचलो होतो.

आणि बैठक सकाळी. मुक्कामाची गाडी मला पावणेआठच्या आत साताऱ्यात आणून सोडायची. खोलीवरच्या मुलांना ती वेळ म्हणजे मध्यरात्र, पण ती उठली, हे त्यांचं मोठेपण. आम्ही नियम केला: अंधार पडल्यानंतर फक्त तांत्रिक काम करायचं, रंग, आवाजाची पातळी, जोडणी. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सकाळीच.

मावशींचं बोलणं परत आलं. चित्र नव्हतं म्हणून आम्ही त्यांच्या हातांचे, सुपाचे, वाळत घातलेल्या हळकुंडांचे शॉट वापरले, काही ठिकाणी नुसतं रिकामं पेव ठेवलं. दिग्दर्शन करणाऱ्या मित्राचाच हा विचार, आणि फिल्ममधला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. दिवा आधी, माणूस नंतर. सुरेख शॉट मधे गेला म्हणून प्रसंग पडला नाही. उलट दिवा जळतो की नाही हे बघताना आजोबांचा जो चेहरा होतो, तो आधी कुणी नीट पाहिलाच नव्हता.

मार्क सगळ्यांना सारखे पडले. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

जमा करण्याआधी फिल्म आम्ही हरिपुरात नेऊन दाखवली, मैत्रिणीच्या आजोळच्या अंगणात, चादर ताणून. पेववाले आजोबा पुढे खुर्चीत बसले आणि दिव्याचा प्रसंग आला तेव्हा शेजारच्याला मोठ्याने समजावून सांगायला लागले, म्हणजे फिल्मचा तो भाग कुणालाच ऐकू आला नाही. शेवटी नावांच्या पाट्या आल्या. आमची आठ नावं, मग “हरिपूरच्या ग्रामस्थांचे आभार”. मावशींनी विचारलं, “ह्यात मी कुठं?” म्हटलं, ग्रामस्थांत. त्या म्हणाल्या, “बोलले तर मी. गाव कुठं बोललं?”

परतीच्या रेल्वेत आठही जण एका डब्यात होतो. भिलवडी येईपर्यंत ठरलं की बोललेल्या प्रत्येकाचं नाव आमच्या आधी येईल. पण बायकांची नावं कशी लिहायची? आमच्या नोंदीत काहींची नुसती ‘काकू’ किंवा अमक्याची आई अशी होती. ताकारीच्या पुढे रेंज आल्यावर मैत्रिणीनं फोन लावला आणि एकेकीला विचारलं, पाटीवर नाव कसं हवं. बहुतेकींनी नवऱ्याच्या नावासह सांगितलं. एकीने फक्त स्वतःचं. मावशींनी जरा थांबून माहेरचं आडनाव सांगितलं आणि म्हणाल्या, “तिकडची माणसं बगतील तर ओळखतील.” मी वहीत तसंच लिहून घेतलं. साताऱ्यात उतरल्यावर, उशीर झाला होता तरी, मुलांनी मला आणि मेढ्याच्या मैत्रिणीला होस्टेलवरच्या दोघींकडे पोचवलं, पाहुण्या म्हणून रजिस्टरमध्ये आमच्या सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पाट्या करून फिल्म जमा केली.